टिपची गोष्ट
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालवाङ्मयावर बोला, असे मला सांगण्यात आले. वीस मिनिटांत दहा पुस्तकांची नुसती नावे घेण्यापेक्षा एकच गोष्ट नीट सांगावी, असे मी ठरवले आहे. गोष्ट परदेशातली आहे, परंतु ऐकताना ती फार लांबची वाटणार नाही.

अमेरिकेत एल. फ्रँक बॉम (१८५६–१९१९) हा मुलांचा लेखक होऊन गेला. १९०० साली त्याने ऑझ नावाच्या जादूच्या देशाची गोष्ट लिहिली. तीवरचा १९३९ चा चित्रपट आपल्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. मला बोलायचे आहे ते १९०४ साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकाविषयी. त्याचे नाव 'द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ'.

यात टिप नावाचा मुलगा आहे. मॉम्बी या चेटकिणीच्या घरी तो वाढतो, सरपण आणतो, डुकरांना खायला घालतो. म्हातारीला घाबरवावे म्हणून तो भोपळ्याचे डोके लावून एक लाकडी माणूस करतो. म्हातारी त्याच्यावर जादूची पूड टाकते नि तो चालू-बोलू लागतो! टिपला मात्र ती दगडी पुतळा करण्याची धमकी देते, तेव्हा रातोरात टिप त्या भोपळेरावाला घेऊन पळतो. पुढे मुलींची एक फौज विणायच्या सुया घेऊन राजधानी काबीज करते आणि पुरुषांना घरकाम करावे लागते, तो भाग तर आपण हसत हसत वाचावा असा आहे. बॉमची सासू मॅटिल्डा जोसलिन गेज ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी मोठी बाई. जावयाने इथे चळवळीची थट्टा केली की कौतुक? मला विचाराल तर दोन्ही.

खरी गोष्ट शेवटी आहे. त्या राज्याची हरवलेली राजकन्या ऑझ्मा शोधायची असते. ग्लिंडा नावाची भली जादूगारीण मॉम्बीकडून कबुली काढते, की तान्ह्या राजकन्येला आपण मंत्राने मुलगा करून टाकले, आणि तो मुलगा म्हणजेच हा टिप. बिचारा टिप गडबडून जातो. आपण मुलगाच आहोत, मुलगी व्हायचे नाही, असे तो साफ सांगतो. सवंगडी समजूत घालतात, की मुलगी असणे काही वाईट नाही, आमची मैत्री तशीच राहील. अखेर तो थोडे दिवस होऊन पाहायला तयार होतो. मग मंत्र उलटतो आणि ऑझ्मा प्रगट होते. ती सर्वांना विनवते, की माझ्यावरची माया कमी करू नका, मी तीच आहे.

जन्माच्या वेळी सुईणीने सांगितलेले एक आणि मनाला पटलेले दुसरे, अशी माणसे असतात. आज त्यांना पारलिंगी म्हणतात. अशा अनेक वाचकांनी या प्रकरणात आपले प्रतिबिंब पाहिले आहे. सारे जग जिला मुलगा म्हणते आणि जी मनात मुलगी आहे, तिला हे आपल्याच नावाने आलेले पत्र वाटते. परंतु उलट बाजूही पाहा. ज्याला सारे मुलगी म्हणतात आणि जो म्हणतो की मी मुलगा आहे, त्याला हेच प्रकरण वाचून काय वाटेल? टिपही तेच म्हणत होता, आणि भल्या माणसांनी त्याचे ऐकले नाही. मॉम्बीने त्याला न विचारता बदलले हे दुष्टपणाचे. ग्लिंडाने समजावून बदलले, ते मायेने असेल, पण ठरवले तिनेच. मला हा भाग खुपतो, आणि तरीही पुस्तक आवडते.

१९०६ साली बॉमने आणखी एक गंमत केली. 'जॉन डो अँड द चेरब' या पुस्तकातले चिक हे मूल मुलगा की मुलगी, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलेच नाही. प्रकाशकांनी त्यावर मुलांसाठी स्पर्धा लावली.

हे त्याला सुचले कुठून? त्या काळी इंग्रजी-अमेरिकन रंगभूमीवर मुलाचे काम पुष्कळदा तरुणी करीत, आणि बॉमला नाटकाचे वेड होते. आपल्याकडे उलट होते. बालगंधर्वांची पातळ नेसण्याची तऱ्हा आपल्या आज्यांनी कौतुकाने उचलली. रंगमंचावर जे आपण डोळे भरून पाहिले, तेच शेजारच्या घरातल्या पोरात दिसले की दार लावून घेतो!

आपण कोण, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी सांगितले. तो निकाल घरातल्या घरात कितीजणींनी बोलून दाखवला असेल? मूल आधी आईला सांगते, नाहीतर आजीला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून पुढे बोलावे की गप्प बसावे ते ठरवते.

काहीजणी म्हणतील, अशी पुस्तके मुलांच्या हाती कशाला? मुलांच्या लक्षात बहुधा भोपळेराव आणि लाकडी घोडाच राहतो. एखादे मूल मात्र शेवटाकडचे ते प्रकरण पुन्हा उघडून वाचते, आणि ते कशासाठी वाचते हे आपल्याला सांगत नाही.

मी माझी प्रत मंडळाच्या कपाटासाठी आणली आहे. इंग्रजी सोपे आहे. जिला जमेल तिने शनिवारी मुलांना मराठीतून वाचून दाखवावे. पहिला शनिवार मी घेते.