पाणीवाली बाई आणि आपलं माहुल
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक आणि उद्याचं जग' हा विषय दिला होता. तो मी परस्पर बदलला आहे. रागवायचं असेल तर जेवणानंतर रागवा.

नववीत नागरिकशास्त्राच्या तासाला 'नगरसेवकाची कामे' हा धडा होता. बाईंनी पुस्तक मिटलं आणि मृणाल गोरे यांची गोष्ट सांगितली. लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणतात, हे ऐकून मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "बाई, त्या पाणी विकायच्या का?" विचारणारा आज इथेच, पहिल्या रांगेत बसला आहे.

मृणालताईंचा जन्म 1928 चा. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. पती केशव ऊर्फ बंडू गोरे 1958 मध्ये गेले, तेव्हा ताई जेमतेम तिशीच्या आणि पदरात लहान मुलगी. तीनच वर्षांनी, 1961 मध्ये, त्या गोरेगावातून मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगाव महापालिकेत येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. वस्ती वाढत होती, नळ मात्र नव्हते.

पालिकेचं म्हणणं सरळ होतं. जागा अधिकृत नाही, तर नळही नाही. ताईंचं म्हणणं त्याहून सरळ होतं. माणूस इथे राहतो, या शहरात राबतो, त्याला तहान लागते. बायकांना सोबत घेऊन हंडे-कळशांचे मोर्चे निघाले आणि झोपडपट्ट्यांत नळ आले. मला त्यांच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 1972 मध्ये त्या आमदार झाल्या. अहिल्याताई रांगणेकरांसोबत महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. आणीबाणीत तुरुंगवास झाला. 1977 मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या आणि 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घरोघरी पोचली. नंतर विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद, गर्भलिंगचाचणीविरुद्धचा लढा (त्याचा कायदा महाराष्ट्रात 1988 मध्ये झाला, देशात 1994 मध्ये) आणि दिंडोशीला नागरी निवाऱ्याची हजारो घरं. 2012 मध्ये त्या गेल्या. आज गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. एखादा नळ असता तर मला जास्त आवडलं असतं.

पण 'नळ आले' म्हणजे प्रश्न संपला, असं मात्र नाही. पुढे पाण्यालाही तारखा चिकटल्या. अमुक सालाआधीची झोपडी असेल तरच जोडणी. नंतरच्या वस्त्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं ते 2014 च्या डिसेंबरात. ताईंनी पालिकेत जे मांडलं, ते कोर्टाच्या कागदावर यायला पन्नास वर्षं लागली.

आणि आता आपलं माहुल. तानसाची जलवाहिनी मोकळी करायची म्हणून तिच्या कडेच्या झोपड्या हटल्या आणि 2017 पासून ती माणसं आपल्या इथल्या इमारतींत आली. साऱ्या मुंबईचं पाणी ज्यांच्या उशाशी वाहत होतं, ती माणसं रिफायनरीच्या उशाशी आली. इथली हवा आरोग्याला घातक असल्याचं हरित लवादाने 2015 मध्येच म्हटलं होतं. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने, ज्यांना इथे राहायचं नाही त्यांना महिना 15,000 रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. आपण कोळीवाड्यातली मुलं तो वास अंगावर घेऊनच शाळेत यायचो. तेव्हा कोणी विचारलं नाही, आपणही नाही.

आता माझी कबुली. एका महापालिकेसाठी तक्रार नोंदवायचं ॲप आमच्या टीमने बनवलं. मुंबईचं नव्हे. पहिल्याच पानावर 'मालमत्ता क्रमांक' ही चौकट मी सक्तीची केली. डेटा नीट राहतो म्हणून. मागच्या दिवाळीत आईकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात मी कौतुकाने फोन दिला, बघा म्हटलं. त्या नव्या इमारतींत राहतात. आधी त्यांनी नाव घातलं, मग त्या चौकटीपाशी थांबल्या. "ताई, हा नंबर माझ्याकडे नाही," म्हणाल्या आणि फोन परत दिला.

साठ सालातला 'जागा अधिकृत नाही, तर नळही नाही' हा नियम मी एका लाल फुलीत बसवला होता. तोही चांगला पगार घेऊन.

सोमवारी ऑफिसात ती सक्ती काढायची मागणी मी लेखी दिली. उत्तर आलं, करारात तसंच आहे. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना बाईंचा तो तास आठवत होता, म्हणून आज हा विषय. बैठक येत्या गुरुवारी आहे. बाई, काय झालं ते तुम्हाला फोन करून सांगते.