सोबत

(हैदराबादमधील दिलसुखनगर येथील व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मला दिलेला विषय 'मानवी जीवनातील शौर्य आणि भय' असा आहे. पत्रिकेत शौर्य आधी छापलंय, भय नंतर. मी हा क्रम उलटा करतो. जन्मलेलं मूल आधी दचकतं. शूर व्हायला त्याला पुष्कळ वर्षं लागतात. आणि पत्रिकेत नसलेला एक तिसरा शब्द मी बरोबर आणलाय: सोबत.

रात्री परसात जायचं असलं की आपण म्हणायचो, "आई, सोबतीला चल ना." आई काय करायची? मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी राहायची. हातात काठी नाही, कोयता नाही. आपण मधूनच ओरडायचो, "आहेस ना गं?" ती म्हणायची, "आहे, आहे." अंधार होता तेवढाच राहायचा, पण त्या 'आहे'नं पाय पुढं पडायचे. भीती माणसाला एकटं पाडते आणि धैर्य त्याला दुसऱ्याकडून मिळतं, असं माझं ठाम मत आहे. शूर माणूस म्हणजे सोबत देणारा माणूस.

पावनखिंड मी सांगत बसत नाही. 13 जुलै 1660 ही तारीख, बाजीप्रभू, शिवा काशीद हे सगळं इथल्या पोरांनाही पाठ आहे. हैदराबादचा मुक्तिसंग्रामही सांगत नाही. तुमच्यातल्या कितीजणांच्या घरात तो भिंतीवरच्या तसबिरीत आहे. एकच आठवण देतो. 1938 साली 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठानं मुलांना काढून टाकलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यात होते. या मुलांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. गाणाऱ्यांचं शौर्य आपण दरवर्षी सांगतो. दार उघडणाऱ्यांचंही सांगावं, त्यांच्यावाचून ती मुलं कुठं जाणार होती?

आता शास्त्राकडं येतो, नाहीतर मागच्या रांगेतले डॉक्टर म्हणतील, हे सगळं आईच्या मायेचं बोलणं झालं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात जेम्स कोन यांनी 16 विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि घोट्याला विजेचा हलका झटका बसू शकतो असा इशारा देत राहिले. कधी हात धरायला कुणी नाही, कधी परका माणूस, कधी नवरा. परक्या हातानंही मेंदूतली घबराट थोडी उतरली. नवऱ्याच्या हातानं ती जास्त उतरली, आणि ज्यांचा संसार सुखाचा होता त्यांची सगळ्यात जास्त. (हशा) वहिनी, तुम्ही आत्ता ज्या नजरेनं साहेबांकडं बघितलंत, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. (मोठा हशा) पण परक्या माणसाच्या हाताचाही उपयोग झाला, एवढं लक्षात ठेवा. मला पुढं तेच लागणार आहे.

आपल्या गावातली गोष्ट घ्या. 28 सप्टेंबर 1908. मुसी नदीचा पूर. सुमारे 15 हजार माणसं गेली असं सांगतात. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको, मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेली. घरातले ते एकटे वाचले. त्या दिवशी अफजलगंजला, आज उस्मानिया रुग्णालयाचं आवार आहे तिथं, एका चिंचेच्या झाडावर दीडशेच्या आसपास माणसं चढली आणि वाचली. ते झाड अजून आहे. दर 28 सप्टेंबरला त्याच्याखाली लोक जमतात. तुमच्यातल्या किती जणांनी ते बघितलंय? हात वर करा... चार. फक्त चार! इथून अर्ध्या तासावर आहे हो.

मी त्या झाडाखाली तासभर बसलो होतो. लहानपणी आपल्याला काय सांगितलेलं असतं? तिन्हीसांजेला चिंचेखाली जाऊ नये, तिच्यावर हडळ असते. आणि तिथं एका चिंचेवर दीडशे माणसं, खाली पाणी, वर पाऊस. चिंचेची पानं बारीक, आडोसा कसला तो नाही. पण फांदी चिवट, वाकेल पण सहजी मोडणार नाही. मी खालून फांद्या मोजत होतो आणि मनात चित्र येत होतं, की या बेचक्यात कुणी म्हातारी बसली असेल, तिला कुणी ओढून वर घेतलं असेल. ओढणाऱ्याला तिची जात, तिची भाषा ठाऊक नसेल. कुणाला डुलकी लागली तर शेजारच्यानं दंड धरला असेल. हे सगळं माझ्या कल्पनेतलं आहे, पण दीडशे माणसं एका झाडावर टिकली त्या अर्थी कुणीतरी कुणालातरी धरून ठेवलं असणारच. त्यांतल्या एकालाही शौर्यपदक मिळालेलं नाही. पुढं पूर आवरायला विश्वेश्वरय्यांना बोलावलं, उस्मानसागर धरण झालं, हिमायतसागर झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मला सारखं वाटतं की त्या फांद्यांवरच्या माणसांची...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं. मग बाकीचं सोडतो.

मधल्या रांगेतून एक प्रश्न आलाय, तो मात्र सोडणार नाही. "सर, गर्दीत तर कुणीच मदत करत नाही. मग सोबत कसली?" बाळ, तू कोचिंगला मानसशास्त्र वाचलं असशील. 1964 सालचा न्यूयॉर्कचा खून, नंतरचे प्रयोग, बघे जास्त तर मदत कमी, हे सगळं खरंच पुस्तकात आहे. पण 2019 साली रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ॲमस्टरडॅम, केपटाउन, लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण त्यांनी तपासलं. दहातल्या नऊ वेळा कुणीतरी मध्ये पडलंच होतं. आणि माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी पुढं येण्याची शक्यता जास्त. हे खोलीतल्या प्रयोगातलं नाही, खऱ्या रस्त्यावरचं आहे.

"आणि तुकाराम ओंबळे?" हो, तेही सांगतो. ते एकटेच पुढं गेले, असं तुला म्हणायचंय. मुंबईवर हल्ला झाला त्या 26 नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या झेलल्या आणि पकड सोडली नाही. ती पकड कशासाठी होती? मागच्या सहकाऱ्यांना पुढं येता यावं म्हणून. ते आले आणि कसाब जिवंत सापडला. माझं म्हणणं मी मागं घेत नाही.

शेवटचं. हे सांगायलाच मी आज आलोय.

21 फेब्रुवारी 2013, गुरुवार. इथल्या साईबाबांच्या देवळात गर्दीचा वार. संध्याकाळी सातच्या सुमाराला कोणार्क आणि वेंकटाद्री थिएटरच्या परिसरात सायकलींवर ठेवलेल्या बॉम्बचे दोन स्फोट झाले. अठरा माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. त्याआधी 2007 च्या ऑगस्टमध्ये गोकुळ चाट आणि लुंबिनी पार्कला स्फोट झाले, तेव्हाही इथल्या पादचारी पुलाखाली न फुटलेला बॉम्ब सापडला होता. तुम्ही इथलेच, जास्त सांगत नाही.

मी तेव्हा इथंच राहत होतो. त्या संध्याकाळी फोन लागेनात. मुलगी क्लासहून घरी पोचेपर्यंतचा तासभर मी जिन्यात बसून काढला. त्यानंतर तीन आठवडे मी 107 नंबरच्या बसच्या थांब्यावर गेलो नाही. मूसारामबागला उतरायचो आणि गल्ल्यांतून चालत घरी यायचो. घरी सांगायचो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. रस्त्याकडेला सायकल उभी दिसली की हाताला घाम सुटायचा.

वरच्या मजल्यावर एक तेलुगू अम्मा राहायच्या. सत्तरीच्या, दर गुरुवारी देवळात जाणाऱ्या. त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. इकडून कशाला जातोस म्हणून विचारलं नाही. त्यांना सगळं कळलं होतं. म्हणाल्या, "डरो नक्को बाबू, मैं आतूं."

नक्को! आपल्या मराठीतलं 'नको' दखनीत गेलं, हे मी कितीदा व्याख्यानात सांगितलंय. त्या दिवशी ते एका तेलुगू बाईच्या तोंडून माझ्याकडं परत आलं.

त्यांच्या डाव्या हातात मोगऱ्याच्या गजऱ्याची पुडी होती. उजव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. आम्ही मुख्य रस्त्यावर आलो. फळांच्या गाड्या पुन्हा लागल्या होत्या, हॉस्टेलची पोरं पुस्तकांच्या दुकानासमोर उभी होती. रस्ता ओलांडताना मला कळलं की अम्मांचा हातही थरथरतोय. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या सरळ समोर बघत होत्या. थांब्यावर बस यायला वीसेक मिनिटं लागली. तोवर त्या मिरच्यांचा भाव, सुनेचं दुखणं, असं काहीबाही बोलत राहिल्या. बस आली, मी पायरीवर चढलो, तेव्हा कुठं त्यांनी माझं मनगट सोडलं.

अध्यक्ष उभे राहिलेत. थांबतो.