मधुमेह, स्थूलता आणि दृष्टीचे रक्षण

(मनोरी येथे शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



मनोरीच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी आपण नित्य पाहता. जाळ्याचा धागा झिजला तरी दुरून जाळे अखंडच दिसते. डोळ्याच्या पाठीमागील दृष्टिपटलावर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे असेच एक जाळे आहे. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्धीस आणले, तेव्हापासून ते वैद्यांस शस्त्र न लावता पाहता येते.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात. दुबळ्या भिंतींस फुगवटे येतात, त्यांतून द्रव व रक्त झिरपते, काही वाहिन्या बुजतात. पोषणास मुकलेल्या दृष्टिपटलावर मग नव्या, परंतु ठिसूळ वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की दृष्टी एकाएकी अधू होते. स्थूलतेमुळे इन्सुलिनचे कार्य मंदावते, रक्तदाबही चढतो आणि ही हानी अधिकच बळावते.

सडपातळ दिसणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच; परंतु चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. तो पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आत असावा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे. आपल्या विद्यार्थ्यांचे आईबाप, आजीआजोबा त्यांतच आहेत. “मला स्वच्छ दिसते, मग तपासणी कशास?” असे ते विचारतील. या विकारात आरंभी वेदना नाही, अंधुकपणाही नाही, हेच त्यांस समजावून सांगावयाचे आहे. दिसेनासे झाल्यावर केलेल्या उपचाराने गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही. वेळीच केलेल्या लेसर वा इंजेक्शनाच्या उपचाराने मात्र ती बहुधा वाचते. नुसता चष्मा बदलणे हा त्यावरील उपाय नव्हे.

तेव्हा आपणांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे :

१. पालकसभेत सांगावे की, मधुमेह असणाऱ्याने दरवर्षी बाहुली रुंदावणारे थेंब घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे.

२. मुलांस रोज खेळावयास लावावे. गोड पेये व तळलेली पाकिटे शाळेच्या आवारात येऊ देऊ नयेत.

३. आपली स्वतःची रक्तशर्करा, रक्तदाब व डोळे तपासून घ्यावेत.

ज्या घरात वाचणारा एकटा विद्यार्थीच असतो, तेथे शिक्षकाचा शब्द वैद्याच्या आधी पोहोचतो. तो वेळेवर पोहोचावा, एवढीच विनंती.