न झालेल्या गोलांचा हिशेब

श्रोतेहो, बेंगळुरूच्या पूर्वभागातील इंदिरानगर येथे मेट्रो गाडीत बसले, की हलसूरु, ट्रिनिटी आणि महात्मा गांधी रस्ता ही स्थानके ओलांडून कब्बन पार्कला उतरता येते. तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर श्री कंठीरव क्रीडांगण आहे. कंठीरव म्हणजे सिंह. २०१३ साली स्थापन झालेला बेंगळुरू फुटबॉल क्लब पुढे याच क्रीडांगणावर खेळू लागला. पोटापाण्यासाठी इंदिरानगरासारख्या वसाहतींत येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना या संघातील एक नाव सहजच आपले वाटावे. ते नाव राहुल भेके. ते बचावपटू आहेत, आणि बचावपटूच्या कारकिर्दीचे मोजमाप कसे करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

भेके यांचा जन्म १९९० साली मुंबईत झाला. कोलकात्याचा ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी असा प्रवास करीत २०१७ मध्ये ते बेंगळुरूला आले. व्यावसायिक खेळाडूचे बिऱ्हाड हे असे पाठीवर असते. करार संपला, की शहर बदलते, भाषा बदलते आणि शेजारी उभा राहणारा साथीदारही बदलतो. आघाडीचा खेळाडू नव्या संघात जाताना आपल्या गोलांचा आकडा बरोबर नेतो. बचावपटूने काय न्यावे? त्याचे खरे यश म्हणजे जे घडले नाही ते. शेतातील माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या राखणदाराचे असेच असते. खळ्यावर धान्याची मापे मोजली जातात. पाखरे उतरली नाहीत, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

या कामाची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. १९२५ पूर्वी पुढे गेलेला खेळाडू ऑफसाइड ठरू नये, यासाठी त्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी तिनांचे दोन झाले. गोलांचा पाऊस पडू लागला, आणि मधल्या फळीतील एकाला मागे ओढून तिसरा बचावपटू करण्याची पद्धत रूढ झाली. आज बहुधा चौघांची फळी असते. हे चौघे एका दोरीत ओवल्यासारखे पुढेमागे सरकतात. तिघांनी पाऊल पुढे टाकले आणि चौथा क्षणभर रेंगाळला, तर तिघांचे शहाणपण वाया जाते. म्हणून चेंडूपेक्षा चेंडूविना धावणाऱ्या माणसावर नजर ठेवणे, हे बचावपटूचे पहिले काम होय. अचूक जागी आधीच उभा असलेला बचावपटू प्रेक्षकांना दिसतही नाही. उशीर झालेल्यालाच धावून, लोळण घेऊन चेंडू काढावा लागतो आणि टाळ्या मात्र त्याला मिळतात.

या हिशेबाचे दोन सामने सांगतो. १७ मार्च २०१८ रोजी कंठीरव क्रीडांगणावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. सुनील छेत्री यांनी नवव्या मिनिटालाच बेंगळुरूला आघाडी मिळवून दिली. परंतु चेन्नईच्या संघाने सामना ३-२ असा जिंकला, आणि त्यांतील दोन गोल मैल्सन आल्वेस या बचावपटूने कॉर्नरवरून डोक्याने केले. घरच्या प्रेक्षकांसमोर चषक हातचा गेला.

बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, मुंबईत अंधेरीच्या मैदानावर बेंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात उतरले. समोर गोव्याचा संघ होता. नियमित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेत गोव्याचे दहाच खेळाडू उरले, तरी कोंडी फुटेना. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला, आणि भेके यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. बेंगळुरूचे हे या स्पर्धेतील पहिले अजिंक्यपद. आणि ते मिळवून दिले मुंबईच्याच मुलाने, मुंबईच्याच मैदानावर. हा गोल सर्वांच्या स्मरणात आहे. त्यापूर्वीची ११६ मिनिटे बेंगळुरूच्या जाळ्यात चेंडू गेला नाही, हे कितीजणांच्या स्मरणात असेल? ती मिनिटे राखली गेली नसती, तर त्या कॉर्नरला काय अर्थ उरला असता?

त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोहा येथे भारताची गाठ आशियाई विजेत्या कतारशी पडली. भारताच्या बचावफळीत उजव्या बाजूस भेके होते, आणि डाव्या बाजूस मार्चमध्ये गोव्याच्या संघात असलेले मंदार राव देसाई. कतारने हल्ल्यांमागून हल्ले चढविले. गुरप्रीत सिंग यांनी गोल राखला आणि सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. धावफलकावर दोन शून्ये. पण भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासात त्या शून्याइतका मोलाचा आकडा थोडाच सापडेल.

पुढे भेके मुंबई सिटी संघात गेले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या हवाई दलाच्या संघाविरुद्ध पिछाडीवरून मुंबईने २-१ असा विजय मिळविला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा हा पहिलाच विजय, आणि निर्णायक गोल पुन्हा भेके यांच्या डोक्याचा. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने लीगचा चषक जिंकला, तेव्हा ते कर्णधार होते. त्याच वर्षी ते बेंगळुरूला परतले.

त्यांच्या गोलांच्या आठवणी जरूर काढाव्यात. मात्र त्या दोन उड्यांवरून त्यांची कारकीर्द मापणे म्हणजे राखणदाराने एकदा मळणीला हात लावला, तेवढेच त्याचे काम मानणे होय. शिवाय बचावपटूचे अपयश मात्र तत्काळ दिसते. एका चुकीने नव्वद मिनिटांची राखण पुसली जाते. हे ठाऊक असूनही जो वर्षानुवर्षे ती जागा सोडत नाही, त्याच्या धैर्याला आकडा नाही.

म्हणून श्रोतेहो, पुढल्या वेळी सामना पाहाल, तेव्हा पाच मिनिटे चेंडूवरची नजर काढून मागच्या चौघांकडे पाहा. हाताने खुणा करीत, शेजाऱ्याला हाक मारीत, दोन पावले डावीकडे सरकणारा एखादा खेळाडू दिसेल. त्या दोन पावलांमुळे एक गोल झालेला नसतो.