विलंबाची क्षमा

लवादाच्या निवाड्यावर आक्षेप घेणारा अर्ज तीन महिन्यांत, आणि सबळ कारण असल्यास त्यापुढील ३० दिवसांत दाखल व्हावाच लागतो. परंतु त्या अर्जावरील हुकुमाविरुद्ध लवाद कायद्याच्या कलम ३७ खालील अपिलास उशीर झाला, तर पक्षकार प्रामाणिक व दक्ष असल्यास अल्पसा विलंब, रिवाज म्हणून नव्हे तर अपवाद म्हणून, माफ होऊ शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र शासन विरुद्ध बोरसे ब्रदर्स या प्रकरणात दिला. ६० दिवसांच्या मुदतीनंतर आणखी १३१ दिवस लोटल्यावर आलेले शासनाचे अपील मात्र फेटाळले गेले. कारण पक्षकार सरकार आहे, एवढ्यावरून निराळे माप लावता येत नाही. म्हणून निकालाची नक्कल हाती पडताच मुदतीचे दिवस मोजावेत, हेच श्रेयस्कर.