हेडलाइटचा बल्ब आणि समोरच्याचे डोळे

दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात अर्धा तास उभे राहिलात, तर एक मागणी हमखास कानावर पडेल. ‘हे पिवळे बल्ब काढून पांढरे एलईडी टाकायचेत.’ रात्रीचं गावाकडे जायचं असतं आणि रस्ता नीट दिसत नाही, ही तक्रार खरीच असते. दुकानदार खोकं पुढे करतो. त्यावर छापलेलं असतं, वीस हजार ल्युमेन, सहा हजार केल्विन. दहा मिनिटांत जुना बल्ब बाहेर, नवा आत. समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड पडतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. हा उजेड रात्री रस्त्यावर नेमका कुठे जातो, त्याविषयी आज बोलू.

आधी जुन्या बल्बकडे जरा आदरानं पाहू. आपल्याकडच्या असंख्य मोटारींत आणि जीपगाड्यांत एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. बारा व्होल्टचा, अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५ वॅट. आत टंगस्टनच्या दोन बारीक गुंडाळ्या असतात. अप्परची गुंडाळी रिफ्लेक्टरच्या बरोबर केंद्रबिंदूवर असते, म्हणून तिचा झोत सरळ लांब जातो. डिपरची गुंडाळी किंचित पुढे असते आणि तिच्याखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तो रस्त्याकडे खाली वळतो. वाटीची एक कड तिरपी कापलेली असते. त्या कापामुळे डिपरचा उजेड डाव्या बाजूला थोडा वर चढतो, म्हणजे कडेनं चालणारा माणूस किंवा सायकलवाला लवकर दिसतो. उजव्या बाजूला, जिथून समोरची गाडी येते, तिथे तो खालीच राहतो. एवढं सगळं त्या अंगठ्याएवढ्या बल्बमध्ये! मात्र यासाठी गुंडाळी ठरल्या जागीच हवी. मिलिमीटरच्या काही दशांश भागानं ती सरकली, तरी झोत बिघडतो.

म्हणजे हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, रिफ्लेक्टर आणि पुढची काच हे तिघं मिळून एक यंत्र आहे, आणि ते त्या गुंडाळीभोवती बेतलेलं आहे.

आता त्यात एलईडी बसवला की काय होतं? गुंडाळी चहूबाजूंनी प्रकाश देते. एलईडीच्या चकत्या एका पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या असतात आणि त्या दोन बाजूंनाच प्रकाश फेकतात. शिवाय पट्टीला जाडी असते, तेवढं त्यांच्यात अंतर पडतं. रिफ्लेक्टर बिचारा आपल्या जुन्या हिशेबानंच काम करतो. परिणामी जिथे उजेड नको तिथे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, तो जातो, आणि जिथे हवा तिथे कमी पडतो. बल्ब होल्डरमध्ये थोडा तिरका बसला, तर आणखी गोंधळ. पुढे भिंग असलेल्या प्रोजेक्टर दिव्यात वरची कड शाबूत राहते, हे खरं. पण उजेडाचा मुख्य ठिपका तिथेही जागा सोडतो.

आणि ते वीस हजार ल्युमेन? साधा हिशेब करा. एच-फोरचा डिपर सुमारे हजार ल्युमेन देतो. चांगला एलईडी एका वॅटमागे शंभर-दीडशे ल्युमेनच्या आसपास देतो. तीस वॅटच्या बल्बमधून वीस हजार येणार कुठून? खोक्यावरचा आकडा छापायला शाईच तेवढी लागते.

तरीही चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय उजेड आहे! त्याचं कारण डोळ्यांत आहे. असे बल्ब बहुधा गाडीच्या अगदी पुढचे दहा-पंधरा मीटर फार उजळवतात. जवळचं लख्ख दिसलं की बाहुली आकसते आणि लांबचं अंधारात जातं. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाताना धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावरही, साधारण ७० मीटर लागतात. पुढचे पंधरा मीटर चकाकून त्याचा काय उपयोग?

हे झालं स्वतःच्या गाडीपुरतं. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मामला दोघांचा होतो. ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे रात्री गाडी चालवलेल्यांना सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लोंबणारा ऊस, आणि त्या उसाआड झाकलेला किंवा मुळात नसलेलाच लाल दिवा. अशा ट्रॉलीमागून तुम्ही येताय आणि समोरून एक पांढराशुभ्र झोत डोळ्यांवर आला. डोळ्यांत शिरलेला प्रकाश आतल्या आत विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर धुकट पडदा ओढला जातो. वय वाढलं, मोतीबिंदू धरू लागला की हा पडदा आणखी दाट होतो. एलईडीच्या पांढऱ्या प्रकाशात निळ्याचा अंश जास्त असतो, कारण मुळात ती निळी चकती असते आणि तिच्यावर पिवळ्या रसायनाचा थर असतो. असा निळसर उजेड डोळ्यांना अधिक खुपतो. ताशी ६० च्या वेगात दोन-तीन सेकंद काही दिसलं नाही, तर गाडी पस्तीस ते पन्नास मीटर आंधळेपणानं जाते. ट्रॉली तेवढ्या अंतरातच असते. आणि ज्याच्या दिव्यानं हे घडलं, तो तोवर पुढच्या गावात पोचलेला असतो. त्याला काही कळतही नाही.

काही गॅरेजवाले यावर उपाय म्हणून झोत खाली उतरवून देतात. समोरच्याचा त्रास थोडा कमी होतो, पण मग लांबचं दिसणं आणखी घटतं. ज्यासाठी पैसे घातले, तेच गेलं.

कायदा याबाबत मोघम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ क्रमांकाचा नियम दिव्याचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा असावा, असं सांगतो. दिव्यापासून आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. उत्पादकानं ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. जर्मनीत २०२० मध्ये ऑसरामच्या एका एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली. पण कशी? प्रत्येक मोटारीच्या दिव्यात तो तपासून, ठरावीक मॉडेलांच्या यादीपुरती. कारखान्यातूनच एलईडी दिवे घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे रिफ्लेक्टर आणि भिंगं एलईडीसाठीच घडवलेली असतात.

मग कमी दिसतं त्याचं काय करायचं? बहुतेक वेळा दोष बल्बच्या जातीचा नसतो. गाडी सात-आठ वर्षांची झाली की पुढची प्लॅस्टिकची काच उन्हानं पिवळी, धुरकट होते. ती पॉलिश करून घेतली की फरक लगेच जाणवतो. दुसरी गोष्ट वायरिंगची. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. जुन्या गाडीत गंजलेलं अर्थिंग, झिजलेला स्विच यांत एवढं सहज गळतं. चांगल्या वायरमनकडून रिले बसवून जाड वायर घ्या. बल्ब मात्र ५५-६० वॅटचेच ठेवा. पूर्वी शंभर-नव्वदचे बल्ब घालायची टूम होती, तेव्हा वितळलेले होल्डर गॅरेजमध्ये ढिगानं दिसत. आणि विंडस्क्रीन आतून पुसा. आतला तेलकट थर कुणी पाहतच नाही.

ज्यांनी एलईडी आधीच बसवले आहेत, त्यांनी एक परीक्षा घ्यावी. सपाट जागी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड त्या रेषेच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली, स्पष्ट आणि डावीकडे चढणारी दिसली पाहिजे. कड विस्कटलेली असेल, रेषेवर ठिपके उडत असतील, तर स्क्रू पिळत बसू नका, हॅलोजन परत बसवा. बसवताना दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला आणि काचेच्या नळीला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला, तर ती तेवढ्या जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बोट लागलंच, तर बल्ब लावण्यापूर्वी स्पिरिटनं पुसून घ्या.