केंब्रिजचे मराठी रँग्लर

केंब्रिजचा विद्यार्थी विद्यापीठाचा खरा, पण राहतो-जेवतो तो आपापल्या कॉलेजात. विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारा तो रँग्लर. सर्वांत वरचा, सीनिअर रँग्लर. १८९९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. जॉर्ज बर्टव्हिसल यांच्यासोबत तो विभागून मिळाला होता, हे आपण सहसा सांगत नाही! परांजपे परतले ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला. पुढे जयंत नारळीकरही सीनिअर रँग्लर झाले. वडील विष्णु वासुदेवही रँग्लरच. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली जयंतरावांनी पीएच.डी. केली, किंग्ज कॉलेजचे ते फेलो झाले आणि १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.